अर्धी सांगितलेली गोष्ट

या गोष्टीला आता दोन वर्षे होत आली. रविवारची दुसरी मिस्सा आटोपून आम्ही कार्यालयात येऊन बसलो, तोच आमच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ आपल्या कन्येला घेऊन आले. वसईच्या पश्चिम पट्ट्यात त्यांची सोनचाफ्याची वाडी आहे. पहाटेच्या गाडीने फुले दादरच्या बाजारात जातात. मुलगी बी.कॉम. झालेली. तिला एम.सी.ए. करायचे होते, म्हणजे संगणकशास्त्राची पदव्युत्तर पदवी घ्यायची होती. फीसाठी कर्ज काढणे भाग होते.

"फादर, जिने संगणकाचा एकही पेपर दिलेला नाही, ती एकदम वरच्या वर्गात कशी बसणार?" वडिलांचा प्रश्न सरळ होता.

नियमापुरते उत्तर सोपे होते. एम.सी.ए.चे दार इतर शाखांच्या पदवीधरांनाही उघडे असते. मात्र बारावीला किंवा पदवीला गणित असावे, अशी अपेक्षा असते. वाणिज्य शाखेतील पुष्कळ मुले अकरावीतच गणित सोडून चिटणिसाची कार्यपद्धती घेतात. हिने गणित सोडले नव्हते, आणि प्रवेशपरीक्षेतही ती उत्तीर्ण झाली होती. पूर्वी तीन वर्षांचा असलेला हा अभ्यासक्रम २०२०–२१ पासून दोन वर्षांचा झाला आहे. संगणकाचे पूर्वशिक्षण नसलेल्यांना त्याबरोबर एक जोड-अभ्यासक्रम, म्हणजेच 'ब्रिज कोर्स', पुरा करावा लागतो.

परंतु आम्ही नियमांवर थांबलो नाही. धर्मगुरूला उपदेशाची सवय असते! आम्ही फादर रोबेर्तो बुसा यांची कथा सांगितली. हे इटालियन येशूसंघीय तत्त्वज्ञानाचे अभ्यासक. संत थॉमस अक्वायनस यांच्या ग्रंथांतील शब्दन् शब्दाची सूची करण्याचा ध्यास घेऊन ते १९४९ साली आय.बी.एम. कंपनीच्या प्रमुखांना भेटले आणि यंत्राच्या साहाय्याने ते काम पूर्णत्वास नेले. १९६५ साली अमेरिकेत संगणकशास्त्राची डॉक्टरेट मिळवणाऱ्या सिस्टर मेरी केनेथ केलर यांचेही उदाहरण दिले. केंब्रिज विद्यापीठाने १९५३ मध्ये संगणनाचा पदव्युत्तर डिप्लोमा सुरू केला, तेव्हा त्या वर्गातील कोणाकडे संगणकशास्त्राची पदवी होती? तशी पदवीच नव्हती! हे शास्त्रच मुळी बाहेरून आलेल्यांनी उभारले, असे आम्ही मोठ्या आवेशाने म्हणालो. वडिलांनी कर्जाच्या कागदावर सही केली.

पुढील उपवासकाळाच्या आरंभी ती एकटीच आली. पहिल्या सत्रात 'डेटा स्ट्रक्चर्स' या विषयात ती नापास झाली होती. घरी अजून सांगितले नव्हते. थोडा वेळ खाली मान घालून बसली आणि मग म्हणाली, "फादर, तुम्ही बुसांची गोष्ट सांगितलीत. पण त्यांना तीस वर्षे लागली, हे नाही सांगितलंत. आणि त्या सिस्टरांनी आधी गणितात पदव्या घेतल्या होत्या."

तिने दोघांविषयीही शोधून वाचले होते. आमच्याजवळ उत्तर नव्हते. बुसांच्या सूचीचे छप्पन्न खंड छापून पुरे व्हायला १९८० साल उजाडले, हे आम्हांला ठाऊक होते. परंतु धीर देण्याच्या भरात कष्टाचा भाग आम्ही गाळला होता.

मग तिने आपली अडचण समजावून सांगितली. वर्गातील इतर मुले जे तीन वर्षे शिकून आली, ते जोड-अभ्यासक्रमात भराभर उरकले जाते. 'लिंक्ड लिस्ट' नावाच्या रचनेत प्रत्येक नोंदीजवळ फक्त पुढच्या नोंदीचा पत्ता असतो. मधला एक पत्ता हरवला की पुढचे सारे हाती लागत नाही. "माझंही तसंच झालंय," ती म्हणाली.

त्या दिवसापासून दर शनिवारी सायंकाळी ती वह्या घेऊन येऊ लागली. संगणकातले आम्हांला काही कळत नाही. तथापि सेमिनरीत आम्ही तर्कशास्त्र शिकलो होतो. 'आणि', 'किंवा', 'नाही', 'जर–तर' यांची सत्यता-कोष्टके तिच्या पुस्तकात पाहिली, तेव्हा जुना परिचित भेटल्यासारखे वाटले. तेवढे आम्ही शिकवले. बाकी तिचे तिनेच केले. संगणक बंद ठेवून ती आज्ञावलीची एकेक ओळ कागदावर चालवून पाही आणि प्रत्येक पायरीला कोणत्या चलाची किंमत किती झाली, ते लिही. वेळ फार जाई. पण चूक नेमकी कोठे झाली, ते सापडे.

माहितीसाठ्याचा विषय आला तेव्हा मात्र तीच वर्गाच्या पुढे निघाली. एका खात्यातून वजा झालेली रक्कम दुसऱ्या खात्यात जमा झालीच पाहिजे. नाहीतर पहिली नोंदही रद्द व्हावी, हा तेथील नियम. जमाखर्च लिहिलेल्या मुलीला तो वेगळा काय शिकवायचा? मागची तीन वर्षे वाया गेली नव्हती, हे तिला त्या दिवशी उमगले.

राहिलेला पेपर दुसऱ्या खेपेस सुटला. नापास झाल्याचे तिने वडिलांना स्वतःच सांगितले होते. ते दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी वाडीवरून येताना त्यांनी तिच्यासाठी वह्या आणल्या. सध्या तिचे शेवटचे सत्र चालू आहे. नोकरी अजून मिळालेली नाही आणि कर्जाचे हप्ते पुढे उभे आहेत.

गेल्या महिन्यात इतिहासात बी.ए. झालेला एक तरुण हाच प्रश्न घेऊन आला. आम्ही त्याला प्रथम बारावीच्या गणिताविषयी विचारले, मग कर्जाविषयी, आणि रोज किती तास बसण्याची तयारी आहे, तेही विचारले. बुसांची गोष्ट त्यालाही सांगितली. या वेळी मात्र तीस वर्षांसकट. तो जरा गंभीर झाला. तिचा पत्ता आम्ही त्याला दिला आहे.