टाकीची तारीख, पाठीची तारीख

घरातली गॅसची टाकी एकदा नीट बघा. आत गॅस 14.2 किलो, हे आपल्याला पाठ असतं, कारण पैसे त्याचेच मोजतो. वरच्या पट्टीवर अजून एक आकडा असतो, रिकाम्या टाकीचं वजन. साधारण 15-16 किलो. म्हणजे दारात येतात ते 30 किलो!

तेल-गॅसच्या धंद्यातली दुखापत म्हटलं की आपल्याला आग आणि स्फोटच आठवतात. पण अकोल्याजवळ गायगावच्या डेपोत पेट्रोल माणूस उचलत नाही, पंप आणि पाइप उचलतात. गॅसच्या बाबतीत मात्र शेवटचा पंप म्हणजे माणूसच. आमच्या अमरावतीतल्या बिनलिफ्टच्या तीन मजली अपार्टमेंटमध्ये तर नक्कीच.

आता इंजिनिअर म्हटल्यावर थोडं गणित आलंच. 30 किलो म्हणजे सुमारे 300 न्यूटन. वाकून उचलताना टाकी मणक्यापासून 40 सेंटिमीटर पुढे धरा. तिला तोलणारे पाठीचे स्नायू मणक्याच्या मागे जेमतेम 5 सेंटिमीटरवर. तराजूची एक बाजू आठपट लांब! म्हणजे स्नायूंना 2400 न्यूटन ओढावं लागतं, जवळपास अडीच क्विंटल. वाकलेल्या धडाचा भार वेगळाच. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेने मणक्यावरच्या दाबाची मर्यादा 3400 न्यूटन धरली आहे. ती इथे सहज ओलांडली जाते.

एका उचलीने काही होत नाही. आमच्याकडे टाकी आणणारे भाऊ म्हणाले होते, "टाकी उचलाले ताकद नाई लागत भाऊ, रोज उचलाले लागते." डिस्कचा सगळा आजार ह्या एका वाक्यात आला.

गंमत म्हणजे टाकीची काळजी चोख घेतली जाते. ए, बी, सी, डी यापैकी एक अक्षर आणि वर्ष... पुढची तपासणी कधी, ते तिच्या अंगावरच लिहिलेलं. उचलणाऱ्याच्या पाठीवर अशी तारीख कोण लिहितं? डिलिव्हरीचा ओटीपी सिस्टमला कळतो, जिना कळत नाही.

उपाय नाहीत असं नाही. इंडियन ऑइलने 2021 मध्ये आणलेली फायबरची 10 किलोची टाकी लोखंडीपेक्षा बरीच हलकी आहे. वरच्या मजल्यांना आधी तीच मिळावी, आणि जिन्याचे पैसे मजल्यावर मोजून पगारात यावेत. आपण दिलेल्या दहा-वीस रुपयांवर ते सोडू नये. चहापाणी ठीक आहे हो, पण चहाने मणका भरून येत नाही.