पहिला श्रोता

रविवारच्या मिस्सेत कोणता शास्त्रपाठ वाचावा, हे धर्मगुरूच्या मर्जीवर नसते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर १९६९ साली आलेल्या तीन वर्षांच्या वाचनक्रमाने ते ठरवून दिले आहे. मला ही मोठी कृपा वाटते. निवड माझ्या हाती असती, तर संत मत्तयच्या शुभवर्तमानाचा तेविसावा अध्याय मी कदाचित टाळला असता.

५ नोव्हेंबर २०२३ रोजी, सामान्य काळातील एकतिसाव्या रविवारी, तोच अध्याय समोर आला. शास्त्री व परूशी सांगतात, पण आचरत नाहीत. जड ओझी लोकांच्या खांद्यांवर लादतात. त्यांना मानाचे आसन प्रिय असते. पुढे प्रभू बजावतो, की पृथ्वीवर कोणालाही पिता म्हणू नका. आणि हे वाचणाऱ्या मला तर सारा धर्मग्राम 'फादर' म्हणून हाक मारतो!

अशा वेळी परूशांचा इतिहास सांगून मोकळे होणे सोपे असते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांकडे बोट दाखवले, की आपण सुटलो.

शुभवर्तमानापूर्वी धर्मगुरू वेदीपुढे वाकून हळू आवाजात शुद्धीची प्रार्थना करतो. भाविकांना ती ऐकू येत नाही. तिच्यात आधी हृदय येते, मग ओठ.

वचन पूर्ण आचरणात आल्यावरच शिकवायचे ठरवले, तर व्यासपीठे ओस पडतील, आणि घरोघरी मुलांना धर्मशिक्षण देणारे आईबापही मुके होतील. शिकवणाऱ्याने वचनाची धार बोथट करू नये आणि ती प्रथम स्वतःला लागू द्यावी, एवढे मात्र त्याच्याकडून मागता येते.