रस्ता मोडण्याची विद्या

रस्ता बांधणाऱ्याचे कौतुक सगळेच करतात. मोडणाऱ्याची कोणी आठवण ठेवीत नाही. आम्ही उमेदीची वर्षे आदिलाबादच्या कोळसा-मुलखात सर्वेक्षक म्हणून घालविली आणि दोन्ही कामे केली. त्यांतले दुसरे अधिक अवघड, हे मात्र उशिरा कळले.

या भूमीशी आमच्या घराण्याचा संबंध जुना. राजुरा 1956 पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होता. राज्यपुनर्रचनेत तो मराठी मुलखाकडे गेला, आमचे वडील मात्र आसिफाबादेसच राहिले. 2016 मध्ये आदिलाबादचे चार जिल्हे झाले. बेल्लमपल्ली मंचेरियालकडे गेली, तिर्याणी आसिफाबादकडे. सीमा अशा हलत राहिल्या, पण वर्धेच्या खोऱ्यातून प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात उतरणारा कोळशाचा पट्टा जिथल्या तिथे आहे. जुन्या सवयीने आम्ही त्या साऱ्या प्रदेशाला आदिलाबादच म्हणतो.

खुल्या खाणीत कोळशाच्या वरचे माती-दगड आधी उचलावे लागतात. ते वाहणारे डंपर साठ-साठ, शंभर-शंभर टनांचे. त्यांच्यासाठी टेकडीच्या अंगाने रस्ता काढायचा म्हणजे चालीच्या 16 मीटरांस 1 मीटर, याहून तीव्र चढ सहसा नसावा, असा आपल्याकडचा दंडक. दोन डंपर समोरासमोर आले तर निर्धास्त जातील एवढी रुंदी हवी, दरीच्या बाजूस भक्कम बांध हवा, वळण आतल्या अंगास कललेले हवे, आणि धूळ बसविण्यासाठी टँकर सतत फिरता हवा. हे सर्व आम्हास मुखोद्गत होते, आणि त्याचा थोडा गर्वही होता.

सुमारे 20 वर्षांपूर्वी अशाच एका रस्त्याची आखणी आमच्याकडे आली. खाणीचे नाव येथे नको. चूक आमची होती. मार्गात एक नाला आडवा येत होता. भर वैशाखात आम्ही त्याचे पात्र मोजले, नकाशावरून पाणलोटाचा हिशेब केला, आणि भराव घालून खाली मोरी ठेवली. जुलैत एका रात्री पाऊस असा कोसळला की मोरी तुंबली, भरावाने धरणाचे काम केले, आणि वरच्या अंगास असलेले एका गोंड शेतकऱ्याचे नुकतेच उगवलेले कापसाचे शेत गाळाखाली गेले.

पंचनामा झाला, भरपाईही मिळाली. पण हंगाम गेला तो गेलाच. चार दिवसांनी तो वृद्ध शेतकरी आम्हाला नाल्याकाठी घेऊन गेला. तेथे अर्जुनाचे एक जुने झाड होते. आमच्या खांद्याच्याही वर त्याच्या खोडावर गाळाची वाळलेली रेघ होती. तो मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाला, “पाच-सहा वर्षांनी एकदा पाणी इथवर येते, साहेब. विचारले असते तर दाखवले असते.” आवाजात राग नव्हता. राग असता तर आम्हास उत्तर देणे सोपे गेले असते. आम्ही फक्त “चुकले, दादा,” एवढेच म्हणालो. पुढे मोरी मोठी करविली, आणि नवी आखणी करण्याआधी गुड्यातल्या म्हाताऱ्यांना बरोबर घेऊन फिरण्याचा नेम धरला.

काही वर्षांनी कोळसा सरला आणि तोच रस्ता मोडण्याचे काम आले. अमेरिकेत 1977 च्या कायद्याने खाणवाल्यांवर डोंगराचे रूप शक्यतो पूर्ववत करण्याची सक्ती केली; आपल्या कोळसा मंत्रालयाने 2009 मध्ये खाण बंद करण्याच्या आराखड्याचे नियम घालून दिले. पण नियम कागदावरून जमिनीवर उतरवायचे असतात. वर्षानुवर्षे डंपरांखाली दबलेली जमीन दगडासारखी होते. तीत पाणी मुरत नाही, मूळ शिरत नाही; पावसात तो रस्ताच नाला होऊन खालच्या शेतांत माती ओततो. म्हणून आधी मोरी काढून ओघळांना त्यांची वाट परत द्यावी, डोझरच्या दातांनी थर खोल फोडावा, मग वरची माती पसरावी, प्रथम गवत आणावे आणि मागाहून झाडे. ती वरची माती रस्ता आखतानाच वेगळी काढून ठेवलेली असावी लागते. रस्ता कसा मोडायचा हे तो बांधण्याआधीच ठरवावे लागते, ते असे.

नाल्याचे जुने पात्र शोधताना तोच वृद्ध काठी टेकत पुढे होता. त्याने दाखविले तेथून आम्ही पाणी सोडले, आणि ते आजवर तेथूनच वाहते.

निवृत्तीनंतर आम्ही तेथे गेलो, तेव्हा तो नव्हता. त्याचा नातू बरोबर आला. उतारावर गवत माजले होते, पळस उभे राहिले होते. फक्त नाल्यापलीकडे चाळीसएक पावलांचा एक पट्टा उघडा होता. मुलाने विचारले, “काका, इथेच का उगवत नाही?”

कारण आम्हास ठाऊक होते. त्या वर्षी मृग तोंडावर आला होता. शेवटच्या तुकड्यात थर न फोडताच आम्ही माती पसरू दिली होती. वरून सारे सारखेच दिसत होते. आम्ही त्या मुलाला खरे ते सांगितले.

आपण परमुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली माणसे. जी जमीन आपल्याला पोसते, तिची ओळख आपल्याआधी ज्यांना होती त्यांना विचारून पाऊल टाकावे, एवढे शहाणपण आम्हास त्या अर्जुनाखाली मिळाले. आता दर उन्हाळ्यात आम्ही आणि तो मुलगा दोन गडी घेऊन जातो, पहारीने खड्डे फोडतो आणि पावसाची वाट पाहतो. गेल्या वर्षी लावलेल्यांपैकी अकरा करंज जगले आहेत.