तळ्यात पाणी येतं कुठून?

शेततळ्याचा विषय निघाला की मी वकीलपत्र घेतल्यासारखा बोलायचो. 2013 च्या उन्हाळ्यात जालन्याकडच्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळलेल्या पाहिल्या होत्या. तळं असतं तर बाग जगली असती, हे तेव्हाच डोक्यात पक्कं बसलं. 2016 मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली, तेव्हा मी तिच्या बाजूने हिरिरीने लिहिलं. विरोध करणारे मला पंख्याखाली बसून शेतीवर बोलणारे वाटायचे.

त्यांच्यातल्याच एका भूजल अभ्यासकाला शेवटी मीच गाठलं. म्हटलं, मला खोटं पाडायचं असेल तर कुठे जाऊ? ते म्हणाले, ‘‘तळेवाल्यांना भेटून झालं असेल, तर आता त्यांच्या बांधाला लागून ज्यांची शेतं आहेत त्यांना भेटा.’’ तोवर माझी वही तळेवाल्यांच्याच मुलाखतींनी भरलेली. डार्विन आपल्या मताच्या विरुद्ध जाणारी गोष्ट दिसली की लगेच टिपून ठेवायचा. अशाच गोष्टी लवकर विसरल्या जातात, असा त्याचा अनुभव. माझ्याकडे विसरायलासुद्धा काही नव्हतं.

30 बाय 30 मीटर, 3 मीटर खोल. बाजूंचा उतार धरला तरी सुमारे 22 लाख लिटर. योजनेच्या कागदावर शेतातून वाहून जाणारं पावसाचं पाणी यात उतरतं. मी पाहिलेलं तळं मात्र चहूबाजूंनी भर घालून जमिनीच्या वर उचललेलं, आत प्लास्टिकचा काळा कागद. वाहतं पाणी एवढा बांध चढणार कसं? काठावरून एक जाड पाइप आत सोडलेला होता. त्याच्या मागे मागे चालत गेलो, तर विहिरीवरच्या मोटारीपाशी पोचलो. विहिरीला पाणी असतं तोवर उपसून तळं भरायचं आणि ते उन्हाळ्यापर्यंत उघड्यावर ठेवायचं. कागद असल्याने त्यातलं जमिनीत काही मुरत नाही. ऊन मात्र आपला वाटा घेतंच.

बांधापलीकडच्या मावशी म्हणाल्या, ‘‘आमची हिर संक्रांतीलाच तळ दावती. पाणी कुठं गेलं हे इचारायचं कामच न्हाई, समोर दिसतंय की.’’

आपल्या काळ्या पाषाणात भेगांमध्ये आणि मुरमात मावेल तेवढंच पाणी, आणि ते कुणाचा सातबारा पाहून थांबत नाही. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअरवेल घ्यायला बंदी केली, पावसाच्या हिशेबाने पिकं ठरवली. तिथे मी जाऊन आलो होतो, लिहिलंही होतं. पण सगळं बंधाऱ्यांवर आणि झाडांवर. बंदीला जेमतेम एक ओळ.

वाहतं पाणी अडवणारं, कोरडवाहू पिकाला ऐन ताणात एखादं पाणी देणारं तळं मला आजही हवंच आहे. विहीर उपसून भरायच्या तळ्याला सरकारी पैसा नको, इथवर मात्र मी आलोय. हे नवं मतही अंगवळणी पडायला लागलं, म्हणून एका द्राक्ष बागायतदाराला ते मुद्दाम ऐकवलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, ‘‘एप्रिलात खरड छाटणी झाली की बागेला पाणी लागतंच. उद्या तळं बुजवतो, साहेब. मे महिन्यातलं पाणी कुठून आणू, तेवढं सांगा.’’

या भागात द्राक्षच नको, हे माझं उत्तर तयार होतं. त्याच्या ओसरीवर बसून ते तोंडातून निघेना. पुढच्या लेखाची सुरुवात त्याच्या या प्रश्नानेच करतोय.