हुकलेला फटका

येरवड्याच्या गोल्फ मैदानावरून आमची वीस वर्षे ये-जा. आत पाऊल पडले ते गेल्या रविवारी. एका सभासद स्नेह्याने आम्हा दोघा शिक्षकांना खेळायला बोलावले होते. फजरची नमाज पढून पोहोचलो. काठ्यांची पिशवी उचलायला आलेला कॅडी म्हणाला, "अस्सलामु अलैकुम, सर!" सातवीतून शाळा सोडलेला आमचाच विद्यार्थी! पटावरून त्याचे नाव आम्हीच कमी केले होते, कारण न विचारता.

पहिल्याच वेळी काठी हवेत फिरली, चेंडू जागच्या जागी. मग गवत उडाले, वाळू उडाली. अखेर सव्वाचार इंची खळग्यात चेंडू पडला. "सात," आम्ही म्हणालो. तो हळूच म्हणाला, "आठ, सर. हुकलेला फटकाही मोजतात."

या खेळात पंच पाठोपाठ फिरत नाही. आपला हिशेब आपणच इमानदारीने ठेवायचा. वर्गात हेच शिकवणारे आम्ही ओशाळलो.

दिल्लीत कॅडी असलेल्या अली शेर यांनी १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकली. पण प्रत्येक कॅडी अली शेर होत नाही. दहावीचा दाखला मात्र प्रत्येकाला उपयोगी पडतो. नऊ होल संपल्यावर विचारले, "बेटा, शाळा का सोडलीस?"

"अब्बा आजारी होते, सर."

एवढेच कारण होते. सोमवारी त्याच्यासाठी १७ नंबरच्या अर्जाची चौकशी केली. आपल्या मोहल्ल्यातही अशी मुले असतील. निदान कारण तरी विचारू या.