सोन्याची मोहोर आणि घरची भाषा

जुन्या सनदांविषयी आम्हांस प्रथमपासूनच ओढ आहे. माळव्यात पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या आमच्यासारख्या घरांतून मोडी कागदांचे एखादे दप्तर असतेच, आणि त्यावरील मोहोर पाहताना मन नकळत मागे जाते. युरोपातील मध्ययुगीन सम्राट तर महत्त्वाच्या आज्ञापत्रांस चक्क सोन्याची मुद्रा लावीत. लॅटिनमध्ये अशा गोल मुद्रेस ‘बुल्ला’ म्हणत; पुढे त्या आज्ञापत्रासच ‘सुवर्ण बुल्ला’ हे नाव पडले.

त्यांतील सर्वांत प्रसिद्ध आज्ञापत्र पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट चौथा चार्ल्स याचे. इ. स. १३५६ च्या जानेवारीत न्यूरेंबर्ग येथे आणि त्याच वर्षीच्या नाताळात मेत्स येथे ते जाहीर झाले. राजा निवडण्याचा अधिकार त्याने सात निर्वाचकांकडे कायम केला. त्यांत माइन्झ, ट्रियर व कोलोन येथील आर्चबिशप, बोहेमियाचा राजा आणि तीन मोठे जर्मन सरदार होते. बहुमत होईल तो राजा. फ्रँकफर्ट येथे जमलेल्या निर्वाचकांनी तीस दिवसांत निवड न केल्यास पुढे त्यांस केवळ पाव आणि पाणी द्यावे, असेही त्यात बजावले आहे! इ. स. १८०६ मध्ये साम्राज्य विसर्जित होईपर्यंत हा कायदा टिकला.

आमचे मन मात्र गुंतले ते त्याच्या शेवटच्या, एकतिसाव्या प्रकरणात. साम्राज्यात नाना भाषा बोलणारे लोक नांदतात. म्हणून निर्वाचकांच्या वारसांना सातव्या वर्षापासून लॅटिन, इटालियन व स्लाव्ह भाषा शिकवाव्यात, चौदाव्या वर्षापूर्वी त्या त्यांस अवगत व्हाव्यात, अशी त्यात आज्ञा आहे. आणि जर्मन? ती त्यांस बालपणापासून येतच असणार, असे सम्राटाने गृहीत धरले.

हे गृहीतच आज आपल्या घरांतून ढासळत आहे. शाळा मुलांना हिंदी देते, इंग्रजी देते. ती त्यांनी उत्तम शिकावीत. परंतु मराठी ‘घरची म्हणून येईलच’ या भरवशावर आपण राहतो. आमची नातवंडे आजीचे मराठी बोलणे समजतात आणि उत्तर हिंदीत देतात. दप्तरातील मोडी तर दूरच. पणजोबांचे देवनागरीतील पत्रही त्यांस अडखळत वाचावे लागते.

खुद्द चार्ल्सची कथा या बाबतीत बोलकी आहे. सात वर्षांचा असताना, इ. स. १३२३ मध्ये, त्यास फ्रान्सच्या दरबारी धाडण्यात आले. दहा वर्षांनी तो बोहेमियात परतला, तेव्हा चेक भाषा पार विसरला होता. तसे त्याने आत्मचरित्रात स्वतःच नमूद केले आहे. आणि ती आपण पुन्हा शिकलो, इतर बोहेमियनांसारखी बोलू लागलो, हेही. गेलेली भाषा परत आणता येते, पण त्यासाठी बसून शिकावे लागते.

म्हणून परवच्याच्या वेळी नातवंडांकडून मराठीच्या चार ओळी मोठ्याने वाचवून घेण्याचा नेम आम्ही धरला आहे. वाचकांनीही आपापल्या घरी तो धरून पाहावा.