मांडव की निंब

आमच्या घराची पश्चिमेची भिंत मार्चपासूनच तापायला लागते. दुपारी तीनला तिच्यावर आलेलं ऊन सूर्य मावळेपर्यंत हलत नाही, आणि रात्री जेवणं उरकल्यावर आतून हात लावला तरी भिंत गरमच लागते. स्वयंपाकघर नेमकं त्याच बाजूला. नाशिकची हवा किती छान, असं बाहेरगावचे लोक म्हणतात. त्यांनी एकदा मे महिन्यात संध्याकाळी पाचला आमच्या ओट्यापाशी उभं राहून पोळ्या लाटून बघाव्यात.

भिंत आणि कंपाउंड यांच्यामध्ये वीसेक फुटांची मोकळी पट्टी होती. तिथे सावलीसाठी काहीतरी लावायचं, एवढं सगळ्यांना मान्य होतं. काय लावायचं यावरून मात्र घरात दोन पक्ष पडले. नवऱ्याला द्राक्षाचा मांडव हवा होता. निफाड तालुक्यातल्या मळ्यात वाढलेला माणूस, नोकरीपायी शहरात आला, पण जीव अजून मांडवाखालीच. मला कडुनिंब हवा होता. आमची लेक जर्मनीत, श्टुटगार्टजवळ राहते. तिने तिकडून वडिलांची बाजू घेतली आणि शेजाऱ्यांच्या घराचा फोटो पाठवला. जुलै महिना, दारावर चढवलेली द्राक्षवेल, तिच्या सावलीत टेबल-खुर्च्या. "आई, थंडीत याची सगळी पानं गळतात, मग घरात ऊन येतं. उन्हाळ्यात सावली, हिवाळ्यात ऊन. आणखी काय पाहिजे?"

म्हणणं बिनतोड होतं, पण श्टुटगार्टपुरतं.

त्याच सुमारास, एप्रिलमध्ये, धाकट्या दिरांकडे मळ्यावर जाणं झालं. खरड छाटणी नुकतीच आटोपली होती. ज्या मांडवाखाली श्रावणात भरदुपारी अंधारल्यासारखं वाटतं, तिथे आता नुसत्या तारा आणि त्यांवरून गेलेले उघडेबोडके ओलांडे. एकेक डोळा राखून बाकीच्या काड्या उडवलेल्या. कापलेल्या टोकांतून पाणी ठिबकत होतं. एका टोकाखाली मी बोट धरलं, तर स्वच्छ, बेचव थेंब. सऱ्यांमध्ये छाटलेल्या काड्यांचे ढीग आणि जमिनीवर सरळ, रखरखीत ऊन. आम्ही तिघंही सावलीला कुठे जाऊन बसलो असू, तर विहिरीजवळच्या निंबाखाली. हे मी नवऱ्याला बोलून दाखवलं नाही. गरजच नव्हती.

थंड देशांत वेल हिवाळ्यात आपणहून झोपते आणि वसंतात उठते. आपल्याकडे तिला झोपवणारी थंडीच नाही, म्हणून तिचं वेळापत्रक कात्रीने आखावं लागतं. वर्षातून दोनदा छाटणी आणि पीक एकच. एप्रिलच्या छाटणीनंतर नवी फूट येते, आणि तिच्यावर भरपूर ऊन पडलं तरच डोळ्यांत घड तयार होतात. मग ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी. तेव्हा काडीच्या टोकाकडच्या डोळ्यांना औषधाची पेस्ट लावायची, म्हणजे ते एकदम फुटतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये माल. म्हणजे ज्या महिन्यात माझी भिंत पेटते, त्याच महिन्यात मांडव बोडका असतो आणि तो परत भरून यायला जून उजाडतो. तोवर पावसाची वाट बघणं सुरू झालेलं असतं.

"घरच्या वेलीला एप्रिलची छाटणी नाही केली तर?" नवऱ्याने विचारून पाहिलं.

"सावली मिळेल, दादा," दीर म्हणाले. "घड नाही मिळायचे. आणि वहिनी, फवारणी कोण करणार?"

हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटला. पावसाळी हवेत पानावर तेलकट पिवळे डाग पडतात, पान उलटवलं की खाली पांढरी बुरशी: तो केवडा. हवा कोरडी झाली की भुरी. शिवाय उडद्या, पिठ्या ढेकूण. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर मळ्यात फवारणीचा ब्लोअर सतत फिरत असतो, आणि ते करणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही; त्यांचं वर्षभराचं पोट त्या घडांवर असतं. पण स्वयंपाकघराच्या खिडकीपासून हातभर अंतरावर, कपडे वाळत घालायच्या दोरीवर, ते निळसर बोर्डो मिश्रण मला नको होतं. न फवारता वेल ठेवणारेही शहरात आहेत. त्यांच्याकडे मी द्राक्षं खाल्ली आहेत. आंबट होती.

आणखी एक गोष्ट मी भिंतीकडे बघून बघून ताडली होती. मांडव आडवा असतो, तो डोक्यावरचं ऊन अडवतो. नाशिकला मेच्या विसाव्या तारखेच्या आसपास सूर्य माध्यान्हाला बरोबर डोक्यावर येतो, त्या वेळी मांडवाइतकी चांगली सोय नाही. पण भिंत तापते ती चारनंतरच्या तिरप्या उन्हाने. साडेपाचला सूर्य इतका खाली येतो की ऊन मांडवाखालून सरळ खिडकीत शिरतं. त्याला अडवायला उभं काहीतरी पाहिजे. आणि मे-जूनमध्ये सूर्य नेमका पश्चिमेला मावळत नाही, चांगला वायव्येकडे सरकलेला असतो. म्हणून झाड भिंतीच्या मध्यासमोर लावायचं नाही, उजवीकडे, वायव्येला सरकवून लावायचं. संध्याकाळी भिंतीवर काठीची सावली कुठे पडते ते खडूने आखून मी जागा ठरवली. नवरा म्हणाला, आता वेधशाळाही उघड.

निंबाचं वेळापत्रक मात्र अगदी आपल्या इथलं. पानं गळायची ती फेब्रुवारी-मार्चमध्ये, जेव्हा सकाळचं ऊन अजून हवंसं असतं. पाडव्याच्या सुमाराला तांबूस कोवळी पालवी आणि मागोमाग बारीक पांढरा मोहर. एप्रिल तापायला लागेपर्यंत झाड हिरवंगार. कोणाला कात्री लावावी लागत नाही.

निंबाचे दोष नाहीत असं नाही. पानगळीत रोज दोन वेळा झाडून काढलं तरी अंगण पिवळंच, आणि गच्चीचे पाइप तुंबतात. पावसाच्या तोंडावर निंबोळ्यांचा चिकचिकाट होतो. मुळांचा विचार करून झाड भिंतीपासून पंधरा फुटांवर लावलं, तर शेजाऱ्यांच्या कंपाउंडला ते जवळ गेलं आणि त्यांची पानांची तक्रार आली. ती रास्तच आहे. शिवाय झाड एकदा वाढलं की निर्णय बदलता येत नाही. १९७५च्या कायद्याप्रमाणे शहरातलं झाड, मग ते स्वतःच्या अंगणातलं का असेना, परवानगीशिवाय तोडता येत नाही. वेल नकोशी झाली तर संध्याकाळपर्यंत उपटून मोकळं होता येतं. नवऱ्याचा हा मुद्दा मी आजही खोडू शकलेले नाही.

पण निंबाला वर यायला काही वर्षं लागणार, तोवर काय? इथे नवऱ्याचा मांडव झाला. बांबूचा, तात्पुरता, वर तोंडलीची वेल. तोंडली थंडीत सुस्तावते आणि ऊन वाढायला लागलं की जोमाने फुटते. फळ आणि सावली एकाच ऋतूत देणारी वेल होती की स्वयंपाकघरात! तिचा मान कोणी ठेवत नाही, एवढंच. तिची पानं काही द्राक्षासारखी दाट नाहीत, पण खिडकीपुरतं काम झालं.

निंब आता गच्चीच्या कठड्यापर्यंत आला आहे आणि मेमध्ये खिडकीवर संध्याकाळी त्याची सावली पडते. भिंत अजून पूर्ण निवत नाही. खालचा कोपरा तापतोच. मांडव काढायचा असं दरवर्षी ठरतं, पण नवरा तो नव्या बांबूंनी पुन्हा बांधतो. द्राक्षं दीर फेब्रुवारीत क्रेट भरून आणतात आणि परत जाताना तोंडली घेऊन जातात. शेजारणी आता घेत नाहीत. मी पिशवी घेऊन फाटकाशी गेले की त्यांना घरात काहीतरी काम आठवतं.